ताण वाढला की त्वचा का पेटते, आणि शांत करण्याचं काम कुठून सुरू करायचं

इसब, सोरायसिस, अंगावर उठणाऱ्या गांधी, पुन्हा पुन्हा पिकणारे मुरुम. यांपैकी काहीही वर्षानुवर्षं सोसणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "टेन्शन घेऊ नका." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्यामागचं निरीक्षणही खरं असतं. पण परीक्षा पुढे ढकलता येत नाही, घरातलं आजारपण थांबवता येत नाही, नोकरीतली अनिश्चितता आपल्या इच्छेने संपत नाही. मग चट्टे परत आले की 'आपल्यालाच मन आवरता आलं नाही' ही टोचणी लागते, आणि ताणात आणखी भर पडते.

ताण आणि त्वचेचा दाह यांच्यामध्ये चेतातंतू, संप्रेरकं आणि रोगप्रतिकारक पेशी यांची एक साखळी असते आणि ती गोल फिरते. तिला बरेच दुवे आहेत. मन हा त्यांपैकी एक, आणि तोडायला सगळ्यांत अवघड. म्हणून सुरुवात तिथून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी त्वचा, मग हात, मग झोप आणि त्यानंतर मन, या क्रमाने गेलं तर ताण तसाच असतानाही आजार आटोक्यात येऊ शकतो. हा क्रम का, हे कळण्यासाठी आत काय घडतं ते आधी पाहावं लागेल. हा भाग थोडा लांब आहे, पण वगळू नका. पुढची प्रत्येक कृती त्यातूनच निघते.

आत नेमकं काय घडतं

जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या डॉक्टरांनी अॅटॉपिक इसबाच्या (अॅलर्जीच्या प्रवृत्तीशी जोडलेला, इसबाचा नेहमीचा प्रकार) १,४५७ रुग्णांची पाहणी केली. जास्त हानी झालेल्या भागात ३८ टक्के रुग्णांचा इसब बळावला होता, कमी झळ बसलेल्या भागात ३४ टक्के रुग्णांचा, आणि झळ न बसलेल्या भागात फक्त ७ टक्के रुग्णांचा. याच पाहणीत जास्त हानीच्या भागातल्या ९ टक्के रुग्णांचा आजार चक्क कमी झाला होता. ताणाचा परिणाम खरा असतो, पण सगळ्यांवर सारखा नसतो. हे लक्षात ठेवा, नोंदवहीच्या वेळी कामाला येईल.

मेंदूकडून त्वचेपर्यंत ताण तीन वाटांनी पोहोचतो.

पहिली वाट संप्रेरकांची. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल तर दाह कमी करतं. त्वचेला लावायची स्टिरॉइड मलमं त्याच कुळातली. मग ताणात दाह वाढतो कसा? ताण लांबला की पेशी कॉर्टिसॉलला पूर्वीइतका प्रतिसाद देईनाशा होतात. अॅटॉपिक इसब असलेल्या अनेकांमध्ये ताणाच्या क्षणी कॉर्टिसॉल जेवढं वाढायला हवं तेवढं वाढतही नाही. शिवाय जास्त काळ चढं राहिलेलं कॉर्टिसॉल त्वचेच्या वरच्या थरात स्निग्ध पदार्थ तयार होण्याचं काम मंदावतं आणि त्वचेचं संरक्षक आवरण विरळ होतं. सीआरएच फक्त मेंदूत बनत नाही, हेही महत्त्वाचं. त्वचेतल्या पेशी ते स्वतः बनवतात, आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर (दाह पेटवणारी द्रव्यं पोटात साठवून ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) ते ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात.

दुसरी वाट 'लढा किंवा पळा' या प्रतिक्रियेची. अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन रक्तवाहिन्या आणि घाम यांच्यावर परिणाम करतात आणि पांढऱ्या पेशींना रक्तातून त्वचेकडे वळवतात. जखम होण्याची शक्यता असेल तर ही तयारी उपयोगाचीच असते. पण ज्या त्वचेत आधीच दाह आहे, तिथे याच पेशी आगीत तेल ओततात.

तिसरी वाट संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंची. माझ्या मते ती सगळ्यांत कमी समजावून सांगितली जाते, आणि रोजच्या वागण्याशी तिचाच संबंध सर्वाधिक आहे. निरोगी त्वचेवर, हाताच्या आतल्या बाजूला एखाद्या बोथट वस्तूने जरा दाबून रेघ ओढा. काही सेकंदांत रेघ लाल होते. मग तिच्या आजूबाजूलाही लाली पसरते. काहींची रेघ फुगून वर येते. सर थॉमस लुईस यांनी १९२७ मध्ये या तीन टप्प्यांचं सविस्तर वर्णन केलं. दुसरा टप्पा पाहा: जिथे वस्तू टेकलीच नाही तिथे लाली कशी आली? संवेदनेचा संदेश मणक्याकडे जात असतानाच तंतूच्या दुसऱ्या फांदीतून उलटा त्वचेकडेही येतो आणि त्या टोकांतून रसायनं बाहेर पडतात. तिथला संवेदी तंतू मरून गेलेला असेल तर ही पसरणारी लाली उमटत नाही. म्हणजे नस फक्त खबर देत नाही, ती दाह घडवतेही.

त्या रसायनांपैकी सबस्टन्स पी हे प्रमुख. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना त्याचा शोध लागला. ते रक्तवाहिन्या सैल करतं, त्यातून द्रव पाझरतो, आणि मास्ट पेशींवरच्या एमआरजीपीआरएक्स-२ या ग्राहकाला चिकटून त्या पेशींना आतली द्रव्यं बाहेर टाकायला लावतं. मास्ट पेशी चेतातंतूंच्या टोकांना खेटूनच बसलेल्या असतात. त्या चेतल्या की हिस्टामाइन, ट्रिप्टेज आणि इतर द्रव्यं बाहेर पडतात आणि तीच पुन्हा चेतातंतूंना चेतवतात. प्रयोगशाळेत उंदरांना आवाजाचा ताण दिला तेव्हा त्यांच्या त्वचेत सबस्टन्स पी असलेले तंतू वाढले आणि मास्ट पेशींशी त्यांचा संपर्कही वाढला.

रोगप्रतिकारक पेशीही चेतातंतूंशी थेट बोलतात. इसबात तयार होणारी इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ ही द्रव्यं खाजेच्या तंतूंवर सरळ काम करतात. म्हणूनच इसबाच्या खाजेवर नेहमीच्या अॅलर्जीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, कारण ती खाज मुख्यतः हिस्टामाइनची नसते. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं ड्युपिलुमॅब हे औषध ४ आणि १३ चा मार्ग अडवतं, नेमोलिझुमॅब ३१ चा. सोरायसिसमध्ये इंटरल्युकिन-२३ आणि १७ ही जोडी मुख्य असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात वेदनेचे तंतू काढून टाकल्यावर २३ ची निर्मिती घटली आणि दाहही उतरला. माणसांतही, ज्या भागाची नस तुटली त्या भागातला सोरायसिसचा चट्टा विरल्याच्या नोंदी आहेत.

या सगळ्याचा परिणाम संरक्षक आवरणावर होतो. विद्यार्थ्यांच्या त्वचेवर चिकटपट्टी लावून-काढून वरचा थर मुद्दाम विरळ केला, तेव्हा सुट्टीच्या तुलनेत परीक्षेच्या दिवसांत तो भरून यायला जास्त वेळ लागला. १९९५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली गेली. ती भरायला त्यांना सरासरी ४८.७ दिवस लागले, त्याच वयाच्या इतर स्त्रियांना ३९.३ दिवस.

साखळी अशी फिरते: ताण, चेतातंतू, मास्ट पेशी, दाह, खाज, खाजवणं, फाटलेलं आवरण, आणखी दाह, तुटलेली झोप, आणखी ताण. कुठेही तोडली तरी वेग मंदावतो.

पायरी १: हे नक्की काय आहे, ते पक्कं करा

'ताणामुळेच होतंय' असं ठरवून बसण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. रात्री वाढणारी खाज घरातल्या इतरांनाही असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर पुरळ असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. कडा उठून दिसणारा, गोल पसरत जाणारा चट्टा नायटा असू शकतो. त्यावर स्टिरॉइड मलम लावलं तर खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमं मनाने लावणं म्हणूनच धोक्याचं.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. लिथियम आणि काही बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरच्या) गोळ्यांनी सोरायसिस वाढू शकतो. त्या आपल्या आपण बंद मात्र करू नका.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा: ओठ, जीभ सुजणं किंवा श्वास अडकणं (हे तर तत्काळ), तापासोबत इसबावर सारख्या आकाराचे, खोल खड्डे पडल्यासारखे दुखरे फोड, जवळजवळ सगळं अंग लाल होऊन थंडी वाजणं, चट्ट्यातून पू येणं आणि लाली झपाट्याने पसरणं.

पायरी २: आठ आठवड्यांची नोंदवही

बहुतेकांना आपल्या त्वचेचं वेळापत्रक ठाऊक नसतं. ताण आणि चट्टा एकाच दिवशी येतील अशी अपेक्षा असते, तसं झालं नाही की 'ताणाचा काही संबंध नाही' असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रतिक्रियेची उशिराने येण्याची आपापली रीत असते. लाली, गांधी आणि खाज काही मिनिटांत किंवा तासांत येतात, कारण मास्ट पेशी लगेच चेततात. इसब आणि मुरुम काही दिवस घेतात. सोरायसिस अनेकदा काही आठवडे घेतो. केस गळत असतील तर मोठ्या ताणानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी. म्हणून नोंद निदान आठ आठवडे ठेवावी.

रोज रात्री, एकाच वेळी, दोन मिनिटांत एवढंच लिहा: खाज ० ते १० पैकी किती, ताण ० ते १० पैकी किती आणि कशाचा, आदल्या रात्री किती तास झोप झाली, त्वचेवर नवीन काय लावलं किंवा लावायचं राहिलं. जास्त घाम, सर्दी-ताप, पाळी यांची खूण करा. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो. बस्स. दिवसभर खाजेकडे लक्ष ठेवून तासातासाला लिहू नका; लक्ष जितकं तिकडे, तितकी खाज जास्त जाणवते.

आठ आठवड्यांनी पानं मागे चाळताना एक प्रश्न विचारा: आधी काय वाढलं? अनेकांच्या वहीत खाज आधी वाढलेली दिसते, मग झोप तुटलेली, आणि ताणाचा आकडा शेवटी. तसं असेल तर तुमच्या बाबतीत त्वचेकडून मनाकडे जाणारी वाट जास्त वाहती आहे, आणि पायऱ्या ३ ते ६ वर जोर द्यायला हवा. ताण सातत्याने आधी येत असेल तर पायऱ्या ७ आणि ८ ना जास्त वेळ द्या. काहींच्या वहीत ताणाचा संबंध दिसणारच नाही. तेही मोलाचं उत्तर आहे. मग कारण साबणात, घामात किंवा सुटलेल्या औषधात शोधा.

पायरी ३: आवरण सांधा

त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ मिळून बांध तयार होतो. ताणात तो उशिरा भरून येतो, म्हणून बाहेरून मदत द्यायची.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. कडक गरम पाण्याने खाज क्षणभर बरी वाटते, पण ते त्वचेतली स्निग्धता धुऊन नेतं. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा सामू पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. म्हणून काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता साबण ठेवा आणि बाकी अंगाला सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर वापरा. टॉवेलने टिपा, घासू नका, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. दिवसातून किमान दोनदा, आणि चट्टे नसतानाही.

चूक बहुतेक वेळा प्रमाणात होते. मोठ्या माणसाच्या अंगभर कोरडेपणा असेल तर आठवड्याला साधारण २५० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते पुरेसं लावलं जात नाही. महागाचं थोडं लावण्यापेक्षा साधं भरपूर लावा. मुरुम असतील तर छिद्रं न बुजवणारं, हलकं निवडा. पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत आणि चादरीत मुरतात आणि ते कापड लवकर पेट घेतं, तेव्हा ज्योत आणि सिगारेट यांपासून लांब राहा.

आवरण नीट असण्याचा आणखी एक फायदा जंतूंच्या बाबतीत. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मोठ्या संख्येने वस्ती करतो. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की त्याचं एक एन्झाइम चेतातंतूंना थेट चेतवून खाज आणतं, मध्ये दाहाचा टप्पा नसला तरी.

पायरी ४: औषध वेळेवर आणि पुरेसं

चट्टा जेवढा जुना, तेवढे तिथले तंतू आणि पेशी चेतलेल्या. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेलं मलम खाज सुरू झाल्या झाल्या लावणं हे रक्तबंबाळ झाल्यावर लावण्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि त्यात एकूण औषधही कमी लागतं. प्रमाण असं: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलम काढलं तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरतं, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

स्टिरॉइडच्या भीतीने मलम पुसटसं, एक दिवसाआड लावणारे खूप जण आहेत. त्यांचा आजारही हटत नाही आणि औषधही सुटत नाही. उलट टोकाला, चेहऱ्यावर तेज स्टिरॉइड महिनोन्महिने लावून त्वचा पातळ आणि लाल करून घेणारेही आहेत. किती तीव्रतेचं, कुठे, किती दिवस, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. सोरायसिसमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊन अचानक थांबवणं धोक्याचं. आजार आधीपेक्षा भयंकर रूपात उसळू शकतो.

पायरी ५: हाताला दुसरं काम द्या

साखळीतला सगळ्यांत हाती येणारा दुवा हाच आहे, शब्दशः. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये उंदरांवर दाखवलं की खाजवल्याने वेदनेचे तंतू सबस्टन्स पी सोडतात, ते मास्ट पेशींना चेतवतं आणि दाह वाढतो. ज्या उंदरांच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घातल्यामुळे त्यांना खाजवता आलं नाही, त्यांच्या त्वचेची सूज कमी राहिली. म्हणजे खाजवणं हे खाजेचं फळ आहे तसंच दाहाचं कारणही आहे.

पण 'खाजवू नकोस' हा हुकूम 'टेन्शन घेऊ नका' इतकाच निरुपयोगी. १९७३ मध्ये अॅझ्रिन आणि नन यांनी सवय पालटण्याची एक पद्धत मांडली आणि पुढे स्वीडनमधल्या त्वचातज्ज्ञांनी ती इसबासाठी घडवली. ती अशी.

पहिला आठवडा फक्त मोजायचं. हात खाजवायला गेला की एक टिंब, कागदावर किंवा बोटातल्या मोजणीयंत्रावर. थांबायचा प्रयत्न करायचा नाही. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण बऱ्याच वेळा खाज नसतेच: फोनवर बोलताना, पडद्यासमोर बसताना, कपडे काढताना, अडचणीचा प्रश्न विचारला गेल्यावर हात आपोआप जातो. त्या जागा आणि वेळा लिहून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाला की मुठी घट्ट आवळून तीस सेकंद धरायच्या. तरी खाज राहिली तर त्या जागी बोटाने किंवा नखाच्या बाजूने दाबून धरायचं, घासायचं नाही. कापडात गुंडाळलेला गार पॅक काही मिनिटं टेकवला तरी चालतो. गारवा खाजेचा संदेश मंदावतो. हमखास वेळांसाठी आधीच सोय करा. फोनवर बोलताना हातात चेंडू, कपडे बदलताना मॉइश्चरायझर उघडून ठेवलेलं, म्हणजे हात अंगावर जाणारच असेल तर लावण्यासाठी जाईल. नखं बारीक आणि घासून बोथट.

घरच्यांसाठी एक विनंती. मूल किंवा जोडीदार खाजवताना दिसला तर ओरडू नका, टोकू नका. त्या टोकण्याचाही ताण होतो आणि हात चोरून तेच करतो. गार पॅक पुढे करा किंवा हातात काहीतरी द्या. मुठी आवळल्याचं दिसलं तर तेवढ्याचं कौतुक करा.

पायरी ६: रात्र

कॉर्टिसॉल संध्याकाळनंतर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असतं. त्याच वेळी त्वचेचं तापमान वाढतं आणि तिच्यातून जास्त पाणी उडतं. लक्ष वेधणारं दुसरं काही नसतं. त्यामुळे रात्री खाज वाढते यात मनाचा कमकुवतपणा नाही, शरीराचं घड्याळच तसं आहे.

मॉइश्चरायझरचा रात्रीचा थर झोपण्याच्या तासभर आधी लावा, म्हणजे चिकटपणाने जाग राहत नाही. खोली थंड, पांघरूण हलकं, कपडे सुती आणि सैल. झोपेत खाजवणाऱ्यांनी सुती हातमोजे घालावेत. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, गार पॅक लावा, मग परत पडा. अंथरूण म्हणजे खाजवण्याची जागा अशी गाठ मेंदूत पक्की होऊ देऊ नका. गुंगी आणणारी अॅलर्जीची गोळी डॉक्टरांनी थोड्या रात्रींसाठी दिली तर हरकत नाही, पण ती झोपेसाठी असते, खाजेवरचा इलाज नव्हे.

पायरी ७: आता मन

त्वचा जरा निवळली आणि झोप जरा लागली की मनावरचं काम निम्म्या कष्टात होतं.

श्वासापासून सुरुवात करा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. याने हृदयाची गती सावकाश होते आणि 'लढा किंवा पळा' वाली यंत्रणा खाली उतरते. संकटात पहिल्यांदा करून पाहाल तर जमणार नाही. बऱ्या दिवसांत सवय करून ठेवा आणि मग नोंदवहीतल्या हमखास वेळांच्या आधी वापरा.

ध्यानाचा त्वचेवर परिणाम होतो का, हे १९९८ मध्ये जॉन काबट-झिन आणि सहकाऱ्यांनी तपासलं. सोरायसिसचे ३७ रुग्ण प्रकाशोपचार घेत होते. त्यांतल्या काहींना उपचार चालू असताना सजगतेच्या ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली. त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर साफ झाली. अभ्यास लहान आहे, पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ध्यान उपचाराच्या जोडीला होतं, उपचाराऐवजी नव्हतं.

चिंता दिवसभर घोळत असेल तर तिला ठरावीक पंधरा मिनिटं द्या. त्या वेळी कागदावर सगळं उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे 'यावर उद्या काही करता येईल का' हे लिहा. इतर वेळी विचार आला की त्याला त्या वेळेची तारीख द्या. व्यायाम जरूर करा. घामाने खाज येत असेल तर लगेच साध्या पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझर लावा. ताण उतरवायला दारू किंवा तंबाखू हा मार्ग नको. सोरायसिसशी दोन्हींचा संबंध आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, लोकांसमोर जाणं टाळत असाल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. इसब आणि सोरायसिस असलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, आणि त्यावर उपचार होतात. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

पायरी ८: येऊ घातलेल्या ताणासाठी आराखडा

परीक्षा, लग्नकार्य, शस्त्रक्रिया, नोकरीतला बदल: अनेक ताणांची तारीख आधीच माहीत असते. इसब असेल तर डॉक्टरांशी बोलून, नेहमी उठणाऱ्या जागांवर आठवड्यातून दोनदा औषधी मलम लावत राहण्याची पद्धत त्या काळासाठी ठरवून घ्या. चट्टा दिसत नसतानाही त्या जागी दाह पूर्ण विझलेला नसतो, म्हणून ही पद्धत काम करते. मॉइश्चरायझर आणि औषधाचा साठा दोन आठवडे आधी भरून ठेवा. त्या काळात नवीन साबण, नवीन क्रीम, नवीन प्रयोग काहीही नको.

वेळ सगळ्यांत कमी असेल त्या दिवसासाठी किमान यादी करून आरशाजवळ चिकटवा: मॉइश्चरायझर दोनदा, दिलेलं मलम, पाच मिनिटं श्वास, ठरलेल्या वेळी अंथरूण. बाकी सगळं सुटलं तरी चालेल.

आणि प्रसंग पार पडल्यावर लगेच सैल सोडू नका. त्वचा उशिरा बोलते. बऱ्याच जणांचा चट्टा परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात येतो. मॉइश्चरायझर, मलमाचं वेळापत्रक आणि नोंदवही त्यानंतरही दोन आठवडे तशीच चालू ठेवा, आणि ती पानं पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.